माफीचे डबे

ताईला जाऊन दीड महिना झाला. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. बीरगांवात आमची घरं भिंतीला भिंत लागून. दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. “माह्या मागं सोनलले तू पाहशीन न? तिचे पप्पा तं तिले बाहेर ठेवायचं म्हणून राहिले.” मी “हव” म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणतात...

सोनल तिची पोट्टी, तेरा वर्षांची. मनाविरुद्ध झालं की हाताला येईल ते फेकायची, चावायची, आणि थोड्या वेळाने स्वतःच हमसून रडायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार आहे, औषध आणि धीर दोन्ही लागतील. आम्हाला कुठलं पटतंय. अख्खा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, म्हणायचा, लाडावून ठेवली आहे, मीही म्हणायचे. कोणाची काच फुटली, कोणाचं पोर ओरबाडलं गेलं, की दुसऱ्या दिवशी ताई त्या घरी माफी मागायला हजर. रिकाम्या हाताने कधीच नाही. डब्यात चिवडा, नाहीतर शंकरपाळे. लोक डबा ठेवून घ्यायचे आणि सोनलला अंगणात पाय ठेवू द्यायचे नाहीत.

माझ्या मुलाच्या वाढदिवसाला केक कापायला उशीर झाला, तर सोनलने टेबलच उलटवलं. मी सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत दिली. ओठ फुटला तिचा. दुसऱ्या सकाळी ताई दारात, बेसनाचे लाडू घेऊन. “माफ कर वं, तुही मेहनत वाया गेली.” मारलं मी, आणि माफी तिने मागितली. आणि मी निर्लज्जासारखे ते लाडू खाल्ले. चांगले झाले होते.

गेल्या आठवड्यात भाऊजींनी सोनलला दूरच्या एका वसतिगृहात धाडलं. मी अडवलं नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं, आणि आता त्या वाटण्याचीच किळस येते. ताईचा शेवटचा डबा अजून माझ्या फळीवर आहे, घासून ठेवलेला. स्वयंपाक करताना मी तिकडे पाठ करून उभी राहते.

निघायच्या आधी सोनल माझ्या दारात आली. केस नीट विंचरलेले, अगदी शहाण्यासारखी उभी. इकडे हिंदी मुलखात वाढलेली आमची पोरं मराठी समजतात, बोलतात हिंदीत. “काकी, मम्मी आपके लिए क्या लाती थी? मैं भी वही लाऊं, तो मुझे अपने घर में रख लोगे?”

मी म्हटलं, “जा बेटा, रिक्षा उभी आहे.”