पेडणेकरांचं शेवटचं पान

वर्तमानपत्राच्या ऑफिसात बातमी सकाळी ताजी असते आणि संध्याकाळी रद्दी. किस्से मात्र कोणी रद्दीत देत नाही. ते टेबलांच्या खणांत, बशांखाली, जिन्यात साठत राहतात आणि दोन जुने लोक भेटले की आपोआप बाहेर पडतात. परवा आम्ही चौघं जुने भेटलो. तेव्हापासून माझ्या डोक्यात सगळे एकदम बोलतायत, म्हणून तुम्हाला सांगून मोकळी होते.

आमचा पेपर छोटा. ऐरोलीपासून करंजाडेपर्यंत काय घडतंय तेवढंच आमचं जग. ऑफिस कोपरखैरण्याला, एका मिठाईच्या दुकानाच्या वर, त्यामुळे आमच्या वाईटातल्या वाईट बातमीलाही तुपाचा वास. गेल्या उन्हाळ्यात साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं की छापील पेपर बंद, आता सगळं फोनवर.

शेवटचं पान पेडणेकर बघायचे. निधन, पुण्यस्मरण, वाढदिवस, हरवले-सापडले. साहेब त्यांना म्हणाले, "पेडणेकर, फोनवर निधन कोण वाचणार? दिवाळीपर्यंत बघू. वाचक आले तर ठीक, नाहीतर तुम्ही आता घरी आराम करा."

पेडणेकरांच्या बायकोला, निर्मलावहिनींना, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मुलगा-सून बंगळुरूला. जिना उतरताना पेडणेकर मला म्हणाले, "नेरूळच्या त्या फ्लॅटमध्ये आराम करायला घरात दुसरं माणूस लागतं गो." मला एकदम भरून आलं. पण ते पडले कोकणातले, त्यांच्यासमोर डोळे पुसायची सोय नव्हती.

* * *

पेपर बंद होणार ही बातमी आम्हीच छापली आणि फोन सुरू झाले.

नेरूळच्या एक बाई तर रडवेल्या झाल्या होत्या. "नका हो बंद करू. लग्न होऊन आले तेव्हापासून घरी तुमचाच पेपर आहे."

मी विरघळले. म्हटलं, "ताई, काय काय वाचता तुम्ही आमच्यातलं?"

"बातम्या होय? त्या मी फोनवरच बघते."

"मग पेपर?"

"कपाटात घालायला तुमच्यासारखा कागद नाही कुणाचा. आजचा नको मला, कालचा दिलात तरी चालेल."

मी फोन ठेवला. पेडणेकरांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं साड्या वाचत होत्या आपल्याला."

* * *

वेबसाइटचं काम तन्वीकडे. खारघरची पोरगी, वय माझ्या निम्मं, बोलणं दुप्पट. तिने वेबसाइट अशी बांधली होती की एक बातमी संपली की खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. बोट सरकवत राहायचं.

करंजाडेहून एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, काकुळती होती.

"मॅडम, तुमचा पेपर संपत का नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे नोकरीत असल्यापासून माझं ठरलेलं आहे. चहा, पेपर, पेपर संपला की आंघोळ. आता बारा वाजत आले, मिसेस तीनदा ओरडून गेली आणि तुमच्या बातम्या खालून येतच आहेत. मी आंघोळीला जायचं कधी?"

मी हसले. तन्वी नाही हसली. ती बराच वेळ गप्प बसून राहिली, हे तिच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या बातम्यांच्या शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ यायला लागली, 'आजचा अंक समाप्त.' त्याखाली काही नाही. बोट कितीही सरकवा.

गृहस्थांचा परत फोन आला. म्हणाले, "मॅडम, आंघोळ करून बोलतोय."

* * *

भिंतीवर एक मोठा स्क्रीन लावला होता. आम्ही त्याला बोर्ड म्हणायचो. कोणती बातमी आत्ता किती जण वाचतायत ते त्यावर दिसायचं. पाणी कपातीची बातमी वर, मेट्रोची वर, आणि तळाला पेडणेकरांचं निधन. आकडा शून्य. दिवसभर शून्य. पेडणेकर तिकडे बघायचे नाहीत, म्हणजे आम्हाला दिसेल असं बघायचे नाहीत.

एका संध्याकाळी शून्याचा एक झाला. घणसोलीच्या कुणा मास्तरांच्या निधनाची बातमी होती.

आम्ही निघालो, तन्वी कॉम्प्युटर बंद करायला लागली. पेडणेकर म्हणाले, "थांब. एक जण वाचतोय."

"काका, आपण बंद केलं तरी त्याचं बंद नाही होत."

"तरी थांब. माणूस निधनाची बातमी वाचतोय आणि आपण दिवे घालवून जायचं, बरं दिसत नाही."

थांबलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तो एक काही हलेना. पेडणेकर म्हणाले, "जवळचा नातेवाईक असणार." शेवटी तन्वीला शंका आली. तिने पेडणेकरांच्या शर्टाच्या खिशातला फोन काढला. त्यावर मास्तरांची बातमी उघडी होती, मघापासून.

तिने फोन तसाच खिशात परत ठेवला आणि म्हणाली, "हो काका, जवळचाच आहे कोणीतरी." मला त्या दिवसापासून ती पोरगी आवडायला लागली.

* * *

वहिनी गेल्यावर पेडणेकर कसेतरी जेवायचे. दुपारी खालच्या दुकानातला समोसा, रात्री काय ते विचारायचं नाही. तन्वी आणि मी खूप मागे लागलो तेव्हा एका रविवारी त्यांनी कुकर लावायचं मनावर घेतलं.

आमचा बातम्यांचा एक ग्रुप आहे. वार्ताहर त्यावर घडलेलं टाकतात. त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास त्यावर पेडणेकरांची बातमी आली. 'नेरूळ, ता. आजची : येथील एका फ्लॅटमध्ये भाताचा कुकर गेल्या अर्ध्या तासापासून निःशब्द. शिटीची प्रतीक्षा. नागरिकांत चिंता.'

सगळे वार्ताहर कामाला लागले. एकाने विचारलं, पाणी घातलंय का. दुसऱ्याने विचारलं, रिंग बसवली का. पनवेलच्या वार्ताहराने कुकरचा फोटो मागवला.

तन्वीने विचारलं, "काका, गॅस पेटवलाय ना?"

मग पेडणेकरांचं उत्तर आलं, "पेटवण्यात येत आहे."

पुढे तो भात इतका मऊ झाला की त्यांनी चमच्याने प्यायला. सोमवारी मला म्हणाले, "निर्मला असती तर हसून हसून खाली बसली असती." आणि हे सांगताना त्यांना स्वतःला हसू आलं. वहिनी गेल्यानंतर मी ते पहिल्यांदा बघितलं.

* * *

नवरात्र संपता संपता ऑफिसात एक बाई आल्या. चांगुणाबाई म्हात्रे, कोपरखैरणे गावातल्या. हातात खालच्याच दुकानातली बर्फी, दुसऱ्या हातात मुलाचा फोन. त्यांचे यजमान, बाळाराम म्हात्रे, वर्षापूर्वी वारले होते. ती बातमी पेडणेकरांनीच केली होती. पेपरात छापली होती आणि वेबसाइटवरही चढली होती.

बाईंनी फोन पेडणेकरांपुढे धरला. "दादा, हितं तुमी लिवलंय, पश्चात पत्नी, दोन पोरं, सुना असा परिवार हाय. मना आता नात झायली. तिचं नाव टाका."

पेडणेकर म्हणाले, "वहिनी, अभिनंदन. पण तसं करता येत नाही. बातमी त्या दिवसाची असते. त्या दिवशी नात नव्हती."

"आता हाय ना."

"छापलं ते छापलं, वहिनी. जन्मभर मी हेच पाळलंय."

चांगुणाबाई खुर्चीत नीट बसल्या. "पेपर व्हता तवा मी काय बोल्ली का? पेपर त्याच दिवशी रद्दीन जेला. ही बातमी तशी हाय का? माझी बहीन उरनला बघते, भाचा दुबईला बघतो, कोन पन नाव घातलं का ती वर येते. रोज हाय ती. मंग रोज अर्धीच का ठेवता?"

तन्वीने टायपिंग थांबवलं होतं.

बाईंचा आवाज जरा उतरला. "ह्यांना नातीची लय हौस व्हती दादा. दिसली नाय त्यांना. निदान त्यांच्या नावाखाली तरी असूं दे."

पेडणेकरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कॉम्प्युटर पुढे ओढला आणि एका बोटाने टाइप केलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं, "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना आणि त्यांच्या माघारी जन्मलेली नात ईश्वरी असा परिवार आहे."

चांगुणाबाईंनी ऐकलं. मान हलवली. "आता बराबर." बर्फीचा पुडा टेबलावर ठेवून उठल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "तिला दात आलं का परत येन."

* * *

बाईंनी ती बातमी कुठे कुठे पाठवली देव जाणे. आठवड्याभरात बोर्डावर बाळाराम म्हात्रे मेट्रोच्या वर गेले. मग बाकीच्यांचे फोन यायला लागले. आमच्या अण्णांच्या पश्चात आता पणतू आहे. आमच्या आईच्या पश्चात मुलगी होती, ती आता डॉक्टर झाली, तेवढं घाला. जुन्या निधनांची मागणी इतकी वाढली की तन्वी छापील अंकांतल्या बातम्या शोधून एकेक वेबसाइटवर चढवायला लागली.

सगळेच फोन गोड नव्हते. एका गृहस्थांनी सांगितलं, "वडिलांच्या बातमीतून धाकट्या भावाचं नाव काढा. आमचं बोलणं नाही."

पेडणेकर म्हणाले, "साहेब, पश्चातमध्ये फक्त भरती चालते. कपात नाही."

दिवाळीच्या आधी मालक बोर्डासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आम्ही सगळे उगाच कामात असल्यासारखे दिसत होतो. पेडणेकरांनी तर खणातलं सामान पिशवीत भरून ठेवलं होतं, चष्म्याचं घर, गोळ्या, वहिनींनी विणलेला टेबलावरचा रुमाल.

बराच वेळ बघून साहेब म्हणाले, "पेडणेकर, तुमची गेलेली माणसं आपल्या जिवंत बातम्यांपेक्षा जास्त चालतात. चालू ठेवा."

ते आत गेल्यावर पेडणेकरांनी पिशवीतून रुमाल काढला आणि परत टेबलावर अंथरला. चारही कोपरे नीट ओढून घेतले. मी यावेळी त्यांच्यासमोरच डोळे पुसले. कोकण काय म्हणायचं ते म्हणो.

* * *

आदल्या दिवशी कुठल्या बातम्यांत काय बदललं, ते रोज सकाळी तपासायचं काम माझ्याकडे आहे. कुणी चुकून दुसऱ्याची नात तिसऱ्याला देऊ नये म्हणून.

मागच्या महिन्यात एका सकाळी मी लवकर पोचले. ऑफिसात कोणी आलं नव्हतं, खाली जिलब्यांची कढई तापत होती. बदललेल्या बातम्यांत एकच नाव होतं. निर्मला पेडणेकर, नेरूळ. तन्वीने ती जुन्या अंकातून कधी चढवली मला माहीत नव्हतं.

मी उघडली. पेडणेकरांनी तेव्हा स्वतःच लिहिलेल्या त्याच तीन ओळी. नेरूळ येथील रहिवासी सौ. निर्मला पेडणेकर यांचे अल्प आजाराने निधन झाले. त्या मनमिळाऊ होत्या. त्यांच्या पश्चात पती, मुलगा, सून असा परिवार आहे.

त्याखाली नवीन ओळ होती.

'पतीला आता कुकर लावता येतो. पाणी अजून थोडं जास्त होतं.'

मी मान वर करून बोर्डाकडे बघितलं. त्या बातमीपुढे आकडा होता दोन. त्यातली एक मी.