दादा चुकला म्हणणारा पाहुणा

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला? पण चहा ओतलाच आहे, तर ऐका. दादाच्या तेरवीला आलेल्या पाहुण्याला मी बोडीत ढकललं. हो, घरामागच्या तळ्यात! बॅगेसकट! अजून महिनाही झाला नाही.

आमचा दादा मेंदूचा शास्त्रज्ञ. सावली गावाकडच्या मासे मारणाऱ्या घरात असा कसा निपजला, देव जाणे. मी सातवीत शाळेला रामराम ठोकला, आणि तो नागपूरला माशांचे मेंदू तपासत बसला. जाळ्यातून एकदा सुटलेला मासा जाळं विसरत नाही, हे त्याने शोधून काढलं. मग कुठला तरी ताप आला आणि आठवड्यात दादा गेला. घर मुकं झालं. जेवणाच्या ताटावर मी एकटाच रडायचो. मला एकच भीती खात होती: आता त्याचं नाव कोण घेईल?

तेरवीच्या आदल्या दिवशी त्याच्या प्रयोगशाळेतले सुधाकरभाऊ आले. म्हणाले, "बाबू, लेख त सारेच लिहितेत. पन दुसरे आपल्या लेखात ज्याच्या लेखाचं नाव घेतेत, तो खरा मोठा. तुह्या दादाचं नाव जपानपर्यंत घेऊन राह्यले."

माझी छाती फुगली. "सगळ्यात जास्त कोन घेते?"

"पुन्याचे कानडे सर. हरेक लेखात."

"भला मानूस! काय लिहिते?"

"लिहिते का दादा चुकला. पन..."

त्या 'पन'च्या पुढचं ऐकायला मी तिथे होतो कुठे? थेट पानठेल्यावर! सांगून टाकलं, पुण्याचा एक माणूस दादाच्या मागे लागला होता. झालं! बातमी एसटीडी बूथपर्यंत पोचता पोचता कानडेने दादाची नोकरी खाल्ली. पिठाच्या गिरणीपर्यंत त्याने करणी केली. आणि दिवेलागणीला माझीच बातमी माझ्याकडे परत आली, तेव्हा मी ती खरी धरली! आता बोला!

दुसऱ्या दिवशी पंगत बसायची वेळ. मी बोडीच्या काठच्या पाळीवर उभा. समोरून एक चष्मेवाले बारीक गृहस्थ घामाघूम येत होते.

"डॉक्टरांचं घर हेच ना? मी कानडे. पुण्याहून आलोय."

"दादा चुकला म्हनून तुमीच लिहिता का?"

"हो," ते सरळ म्हणाले. "वर्षानुवर्षं लिहितोय."

बस्स! डोक्याच्या आधी माझे हात पोचले. धप्प!

सुधाकरभाऊ ओरडत धावले. "अबे येड्या, काऊन ढकललं त्याहिले? त्याहीनंच त दादाचं नाव गाजवलं! चुकला म्हनाचं तरी नाव घ्याच लागते ना! रद्दी लेखाशी कोन भांडते?"

माझी हवाच गेली. सरांना वर ओढलं, डोक्यावरचं शेवाळ काढलं, माझी लुंगी नेसवली आणि पंगतीत बसवलं. आई स्वतः वाढायला आली.

सर लुंगी सावरत म्हणाले, "काकू, मी भांडायला नाही आलो. मागच्या महिन्यात त्याचा प्रयोग मी स्वतः करून पाहिला. तो बरोबर होता. त्याच्या तोंडावर कबूल करायचं होतं. उशीर झाला."

आईने पदर डोळ्यांना लावला. आणि मी घाईने सरांपुढे जाऊन बसलो.

"म्हंजे सर, आता तुमी दादाच्या इरोधात लिहिनार नाई?"

"नाही. वाद मिटला."

"असं नका करू जी!" मी त्यांचे पायच धरले. "थोडा त चुकला असन तो! लहानपनापासून चुकत होता! मले इचारा ना, कुठी कुठी चुकला ते सांगतो!"

आधी सुधाकरभाऊ फिसकन हसले, मग सगळी पंगत. सरांना तर ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "अरे, पण मलाही आता नवा विषय शोधावा लागणार."

आईने डोळे पुसले आणि माझ्या भादरलेल्या डोक्यावर टपली मारली.

"हा घेऊन जा, सर. याचा मेंदू तपासा. कोरा करकरीत हाय. अजून वापरलाच नाई यानं."