उलटं रीळ

नदीच्या अलीकडे एक थिएटर, पलीकडे एक, आणि दोन्हींत मिळून सिनेमाची प्रत एकच. अलीकडचा खेळ तासभर आधी सुरू व्हायचा. इथे रीळ संपलं की थिएटरचा गडी, ज्याला सगळे रिळ्याच म्हणत, ते डब्यात घालायचा, सायकलच्या कॅरियरला बांधायचा आणि पूल ओलांडून पलीकडे पोचवायचा. दोन्ही काठांत झालेल्या दंगलीनंतर त्या पुलावर चिटपाखरू फिरकत नसे. चौकीवरचे शिपाई म्हणायचे, "जा बाबा, तुझ्यामुळे तरी पूल वापरात आहे."

पलीकडचा ऑपरेटर म्हणजे रिळ्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दंगलीत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान जळलं, आणि जाळणारे अलीकडचे होते. त्या दिवसापासून त्याने मेहुण्याशी बोलणं टाकलं आणि बायकोलाही शपथ घातली. झाली त्याला अकरा वर्षं. भिंतीतल्या खिडकीतून डबा आत जायचा, आदल्या रिळाचा डबा बाहेर यायचा. "दाजी, ताई बरी आहे ना?" असं रिळ्या रोज विचारायचा आणि रोज खिडकी खाडकन बंद व्हायची. आईमागे ज्या ताईने त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं, तिचा आवाज ऐकायला तो तरसला होता. पण गडी चिवट. विचारणं काही सोडलं नाही.

त्याची आणखी एक गंमत होती. वीस वर्षं थिएटरात काढून त्याने एक सिनेमा धड पाहिला नव्हता. दाखवून झालेलं रीळ मशीनमधून उलटं निघतं, शेवट वर आणि सुरुवात पोटात. ते हाताने फिरवून सुलटं करणं हे त्याचं काम, तेही पडद्याकडे पाठ करून. नायिका मेली की जगली, हे त्याला प्रेक्षकांच्या हुंदक्यांवरून कळायचं.

मग तो फुटबॉलचा सिनेमा आला. लढाईने दुभंगलेल्या देशाचा एक संघ, निम्मे खेळाडू एका बाजूचे, निम्मे दुसऱ्या बाजूचे. मरू पण एकमेकांना चेंडू देणार नाही, अशी त्यांची तऱ्हा. पहिल्याच दिवशी दुपारच्या खेळात, शेवटच्या रिळाला, खाली प्रेक्षकांत इतकी शांतता पसरली की रिळ्याने न राहवून मान वळवली. शेवटच्या मिनिटाला एकाने चेंडू चक्क संघातल्या दुसऱ्या बाजूच्याला दिला आणि गोल झाला. खालचे लोक खुर्च्यांवर उभे राहून शिट्ट्या मारू लागले. त्यांत दुकानं जाळणारेही असतील! रिळ्याला रडू आवरेना. तसाच डोळे पुसत त्याने रीळ डब्यात कोंबलं आणि सायकलवर टांग मारली.

पलीकडे डबा आत गेला, खिडकी मिटली आणि लगेच पुन्हा उघडली.

"अरे गाढवा, रीळ उलटं आहे!"

अकरा वर्षांतला पहिला शब्द, आणि तोही गाढव. रिळ्याला तो गोडच लागला. पण आत आधीचं रीळ संपत आलं होतं, आणि दाजींच्या रीळ फिरवायच्या यंत्राचा ब्रेक मोडलेला. एकट्याने करायचं काम नव्हतं ते. धाडकन दार उघडलं.

"बघतोस काय? हात लाव!"

दाजी दांडा फिरवू लागले, रिळ्याने दुसरी चकती तळव्याने आवरून धरली. पडदा पांढरा पडला, खाली आरडाओरडा सुरू झाला. दोघे घामाघूम झाले. अखेर रीळ मशीनवर चढलं आणि दोघेही पडद्याकडच्या भिंतीतल्या भोकाला डोळे लावून उभे राहिले.

"जिंकतात का रे?" दाजींनी हळूच विचारलं.

"सांगणार नाही. बघा."

गोल झाला. इथेही खालचे लोक उठून उभे राहिले, इथेही तशाच शिट्ट्या. दाजींनी हातातल्या तेलकट फडक्यानेच डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं. रिळ्याला हसू आलं, पण हसायची छाती होईना.

"चुकलो दाजी," तो दाराकडे वळत म्हणाला. "उद्या सुलटं करून आणतो."

दाजी त्याच फडक्याने मशीन पुसू लागले.

"उलटंच आण," ते म्हणाले. "हात लावायला तुझ्या ताईला बोलावून ठेवतो."