सुकदेवनानांचा घरातला पत्ता

"नाना, मना आवाज येस का?"

"कोन शे? बोल ना! तोंडमा केळं कोंबेल शे का?"

"नाना, दुपारले कापनीवाला येतस—"

"मुकं शे वाटस कोनी," म्हणत नानांनी फोन ठेवला.

कोकिळानं हेडसेट आपटला. तिला नानांचा खोकलासुद्धा ऐकू येत होता, आणि नानांना तिचा एक शब्द पोचत नव्हता. केळी कापणारी टोळी नानांच्या शिरपूरच्या मळ्याच्या वाटेला लागलेली. नानांनी 'हो' म्हटल्याबिगर ती मळ्यात शिरणार नव्हती. आजची पाळी हुकली की पुढची आठ दिवसांनी. तोवर घड झाडावरच पिवळे पडतात आणि पिवळा माल लांबच्या गाडीत कोणी भरत नाही. मळ्यात मोबाइलला रेंज नाही, मेसेज नाना वाचत नाहीत. घरच्या वायफायवरचा फोन, तेवढीच काय ती आशा.

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या या केळी-खरेदीच्या कचेरीत इंटरनेटचे फोन कोकिळानंच बसवले होते. शेजारच्या खोलीतून लावून पाहिले तेव्हा आवाज खणखणीत आला होता.

"जुनाच फोन बरा होता, कोकिळाताई," मालक योगराजभाऊ दारातून म्हणाले.

"भाऊ, दहा मिनिटं थांबा. मग मलाच हाकला."

घंटी तर वाजते. म्हणजे सर्व्हरला नाना सापडतात. मग आवाजच कुठं जातो? तिनं कॉलची नोंद उघडली. बोलणं सुरू होण्याआधी दोन्ही फोन एकमेकांना पत्ता सांगतात आणि आवाजाचे तुकडे त्या पत्त्यावर धाडतात. नानांच्या फोननं सांगितलेला पत्ता होता त्यांच्या घरातल्या राऊटरपुरताच; घराबाहेर तो कुणालाच ठाऊक नाही.

कोकिळाला हसू फुटलं. धुळ्याकडच्या खेड्यातून जळगावात आली तेव्हा रिक्षावाल्याला तिनंही ऐटीत सांगितलं होतं, "प्रमिलाआत्याच्या घरी सोड." गावात तेवढं पुरतं. रिक्षावाला तासभर फिरवत राहिला होता.

तिनं सर्व्हरला बजावलं: फोन सांगतो तो पत्ता धरू नको, नानांचा आवाज ज्या वाटेनं येतो, त्याच वाटेनं आपला परत धाड.

"नाना! मना आवाज येस का?"

"वरडू नको ना बाई, मी काय बहिरा शे?"

"टोळी येऊ देऊ ना?"

"येऊ दे. च्या ठेवस मी."

तिनं टोळीला कळवलं. योगराजभाऊ आत गेले. कोकिळानं कापणीच्या यादीतलं पुढचं नाव पाहिलं, फैजपूरचे चुडामणआबा, आणि नंबर लावला.