एका गावाचे दोन हार

बाळापूरजवळच्या एका गावात भागाबाई माळीण विहिरीकाठी वांगी आणि झेंडू लावायची. पोळ्याला ती दोनच मोठे हार ओवायची, कारण गावात दोन तट होते. मानाची बैलजोडी कोणाची, यावरून पाटील आणि देशमुख वीस वर्षं भांडत होते. पोळाही दोन तोरणांखाली वेगवेगळा भरायचा.

मग साता समुद्रापलीकडच्या एका देशात माणसं आपसातच लढायला उठली. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पोळ्याला गावानं एकच तोरण बांधलं. देशमुखांच्या खांद्यावर हात टाकून पाटील म्हणाले, "लढाईच्या दिवसात गावानं एकदिलानं राहावं. भागाबाई, यंदा एकच हार. अन् मारोतीले म्हनाव, हे लढाई सरू देऊ नोको."

"म्हंजे त्याहिची फूट अन् आपली एकी, दोनी टिकू दे म्हनू?"

"बराबर!" पाटील खुशीत म्हणाले. देशमुखांनीही मान डोलावली.

ही थोर एकी तीन पोळे टिकली. चौथ्या वर्षी लढाई मिटल्याची बातमी आली आणि भाव धाडकन पडला. पोळ्याच्या सकाळी भागाबाई न सांगता दोन हार घेऊन पाटलांच्या दारात उभी राहिली.

पाटील चमकले. "दोन तोरनाचं तं आमी आताच ठरवलं. तुले कोनं सांगितलं वं?"

"कोनी नाही," भागाबाई म्हणाली. "तिकडं त्याहिची एकी झाली म्हन्तात. मंग इकडं दोन हार लागतीनच."