टेकलेली पाठ

त्या कुस्तीत पाठ टेकली होती. दोन्ही खांदे मातीला लागलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले आणि माईकवर उलटं बोललो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी कुस्तीच्या मैदानांत निवेदन करतो. श्रीगोंद्याकडच्या गावांत जत्रेला कुस्त्या असतातच. एका बाजूला हलगी, दुसऱ्या बाजूला मी. एरवी काष्टीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. तरुणपणी मीही तालमीत होतो. अंग होतं, डाव तोंडपाठ होते, पण समोरचा अंगावर आला की डोकं रिकामं व्हायचं. वस्ताद एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "तोंडानं कुस्ती मारायची असती, तर ह्याची पाठ जिल्ह्यात कुनी लावली असती?" पोरं हसली, मीही हसलो. पुढच्या जत्रेत त्यांनीच माझ्या हातात माईक दिला.

आमच्याच तालमीत माझ्या बराच मागून आलेला एक पैलवान होता. मला दादा म्हणायचा. त्याचा ढाक हा डाव बघायला म्हातारे पैलवान गर्दीतून वाट काढत पुढे येऊन बसायचे. कमरेवर घेतलेला माणूस हवेत कधी गेला आणि खाली कधी आला, हे पडणाऱ्यालाही कळायचं नाही. पण बोलायला एक नंबरचा घुमा. कुस्ती मारली की मातीला हात लावायचा, पडलेल्याला उठवायचा आणि खाली मान घालून कपडे शोधायला जायचा.

दुसरा पैलवान दुसऱ्या तालमीचा. वाईट नव्हता, मध्यम होता. पण उघड्या जीपमधून यायचा, काळा चष्मा, पीळ दिलेल्या मिशा, मागे घोषणा देणारी पोरं. बादलीला तोंड लावून दूध पितानाचे, ट्रॅक्टरचं टायर उलटवतानाचे त्याचे व्हिडिओ गावोगाव फिरायचे. त्यांच्यामागचा आवाज माझा. 'दुष्काळाच्या छाताडावर उगवलेला वाघ' हे मीच त्याला चिकटवलं. त्याच्या गावाला बारमाही पाट होता. दुष्काळ त्याने बघितलेला नव्हता. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाला, "आण्णा, लोकांनी कुटं बघायला यायचंय? तुमी बोला बिनधास्त."

मग जत्रा कमिट्या त्याचं नाव घेऊनच पत्रिका छापू लागल्या. शेवटची, मोठी कुस्ती त्याची. आमच्या पैलवानाची कुस्ती दुपारी, लोक गाड्या लावायला जागा शोधत असायचे तेव्हा. मला ते खटकायचं, नाही असं नाही. एकदा मी त्यालाही मोबाईलसमोर उभा केला. म्हटलं, जोरात शड्डू ठोक आणि कॅमेऱ्याकडे बघ.

तो इकडेतिकडे बघायला लागला. "समोर कोन हाय?"

"कोणी नाही रे. कॅमेरा आहे."

"मंग शड्डू कुनाला ठोकू?"

तो व्हिडिओ काही झाला नाही.

त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. दूध, बदाम, तूप आणि संसार एका घरात बसेनात. एका माघात तो दुकानात आला, खुर्ची असून उकिडवा बसला. म्हणाला, "दादा, ह्या साली एक मोटी जोड लावून द्या. मारली तर म्होरं मैदानं मिळतील. पडलो तर लंगोट खुंटीला. घरी शब्द दिलाय."

एवढं बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. मी एका गावच्या कमिटीला जाऊन चिकटलो. "वाघाच्या पुढं कोण?" असं पत्रिकेत टाका, गर्दी मावणार नाही, असं सांगून ती जोड मीच लावली. शेवटची कुस्ती, तो आणि जीपवाला. हे माझ्या हातून झालेलं एक चांगलं काम. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

चैत्रातलं ऊन उतरत होतं. झाडांवर, टेम्पोच्या टपांवर माणसं. वाघाची ओळख मी इतकी लांबवली की हलगीवाला थांबून माझ्याकडे बघायला लागला. आमच्या पैलवानाची ओळख दोन वाक्यांत उरकली. तो हात जोडून उभा होता, त्यात बोलायला सापडण्यासारखं काही नव्हतं.

हात मिळाले. खडाखडी झाली न झाली, तोच ढाक बसली. वाघ उलटा होऊन पाठीवर आला तो माझ्यासमोरच, चार हातांवर. दोन्ही खांदे. माती उडालेली मला दिसली. जवळचा पंच पायांच्या बाजूला होता. त्याने दुसऱ्या पंचाकडे बघत हात अर्धा उचलला.

मैदान गप्प झालं होतं. तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं, "नाही! अजून नाही! कुस्ती बाकी आहे!"

मला कोणी पैसे दिले नव्हते. कोणी डोळा मारला नव्हता. मी नंतर स्वतःला समजावलं की कुस्ती इतक्या लवकर संपली असती तर लोकांनी दंगा केला असता. ते खरं नाही. तीन वर्षं मी जे बोलत आलो होतो ते माझ्यासमोर मातीत पडलं होतं, आणि ते मला बघवलं नाही. एवढंच.

पंचाचा हात खाली आला. आणि आमच्या पैलवानाने पकड सोडलेली होती. आमच्या वस्तादांची शिस्तच तशी. पाठ लागली की क्षणभरही दाबून धरायचं नाही, लगेच सोडायचं, हात देऊन उठवायचं. दुसऱ्या कुठल्याही तालमीचा पैलवान पंचाची शिट्टी होईपर्यंत छातीवर बसून राहिला असता. हा वाकून हात पुढे करून उभा होता. वाघाने माझा आवाज ऐकला, पुढे आलेला हात ओढला, पायाला मिठी घातली आणि त्याला गुडघ्यातून मुरगळून पाठीवर पाडला. हलगी कडाडली. ह्या शिस्तीत मीही वाढलो होतो. तो सोडणार, हे त्या मैदानात मला सगळ्यांत आधी माहीत असायला हवं होतं.

निकाल मीच पुकारला. वाघाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, एका दमात.

पाण्याच्या टँकरला टेकून तो पाय लांब करून बसला होता. गुडघा सुजायला लागला होता. "दादा, तुमी तर समोरच हुते. टेकली हुती ना?"

"धूळ लई होती रे."

त्याने गुडघ्यावरची माती पुसली. "व्हय," म्हणाला. "धूळ हुतीच."

वस्तादांनी त्याला उठवून गाडीत घातलं आणि मला गाडीत जागा नाही म्हणाले. जागा होती.

शेकडो मोबाईल त्या कुस्तीवर रोखलेले होते. मी महिनाभर मिळतील ते व्हिडिओ बघत होतो, भीतीने. एकातही खांदे नाहीत. सगळ्यांनी वाघाचा चेहरा धरला होता.

वाघ आता फारसा लढत नाही. जिमची उद्घाटनं, वाढदिवसांचे फ्लेक्स, प्रचाराच्या गाड्या. एकदा त्याच्या गाडीत मागे शेजारी बसून येताना रस्त्याकडे बघत म्हणाला, "आण्णा, त्या दिवशी माजी टेकली हुती. तुमाला दिसलं नसंल."

खरं बोलायला त्याने दार उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "नाही बुवा." पुढे घरापर्यंत तो मोबाईल बघत राहिला.

वस्ताद मागच्या थंडीत गेले. दहाव्याला मी सगळ्यांत मागे उभा होतो.

आमचा पैलवान सुप्याला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन आहे. मोटारींची तार आणायला पुण्याला जाताना मी कधी वाट वाकडी करून तिथे थांबतो. तो लंगडत येतो, चहा सांगतो, "मैदानं जोरात का, दादा?" विचारतो. दर वेळी वाटतं, आज सांगावं. तो मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगायला लागतो, आणि मी ग्लास ठेवून निघतो. ह्याही चैत्रात मी माईक धरला. लोक म्हणाले, आवाज अजून तसाच आहे.

मी त्याचं एक पुकारणं देणं लागतो. त्याच गावात, त्याच मैदानात, भर गर्दीत, माईकवर: पाठ टेकली होती, कुस्ती ह्याने मारली होती. आणि मग त्याचं नाव, गाव, तालीम, वस्ताद. ऐकायला वस्ताद राहिले नाहीत. बाकीचं देणं अजून तसंच आहे.