बाकाखालचा पाय

लढाई संपल्यावर साताऱ्यात मोटार-दुरुस्तीचा वर्ग निघाला, तिथं तो माझ्या शेजारी बसायचा. पलटणीत ट्रक चालवून आलेला, मिशीवाला गडी. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण माझं सगळं लक्ष त्याच्या उजव्या पायाकडं. मास्तरांनी फळ्यावर उतार काढला, की तो पाय बाकाखाली आपोआप जमीन दाबायला लागायचा. असं का, ते काही कळेना.

एके दिवशी मास्तर म्हणाले, "उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये आणा. नुसता ब्रेक दाबून धरलात, तर तो तापतो आणि मग धरत नाही."

तो ताडकन उभा राहिला. "आवं मास्तर, तवा जळका वास येतो का?"

"येतो. तुम्ही घेतलाय?"

"व्हय. बर्माच्या घाटात. चामडं करपल्यागत लय घाण वास. मग गाडी थेट खड्ड्यात."

वर्गातल्या आम्हा सगळ्यांच्या नाकात तो वास शिरला. आजही उतार लागला, की माझा हात आधी गिअरकडं जातो.

तो मात्र उभाच होता. "फिटरनं ब्रेक नीट आवळला आसला, तरीबी आसं हुतं?"

"तरीही होतं."

वर्ग सुटल्यावर मी त्याला विचारलं, "उद्या येणार ना?"

"न्हाई गड्या. उद्या पाटणला जायाचं हाय," तो टोपी नीट करत म्हणाला. "आमचा फिटर तिथलाच. गाडी पडली, तवापास्नं मी त्याच्याशी बोललो न्हाई."